पहिला भाग कसा वाटला

लग्न ठरल्यावर होणारा नवरा फोनवर काय विचारतो? जेवलीस का, असं विचारतो. त्याचं उत्तर मिळालं की काय जेवलीस, असं विचारतो. कळमेश्वरच्या जितेंद्रने मात्र दुसऱ्यांदा फोन केला तेव्हाच मिनलला विचारलं, "तू ॲनिमे पाहते का?"

"कार्टून नं?" मिनल म्हणाली.

पलीकडे इतकी शांतता पसरली की तिला वाटलं, फोन कटला. मग जितेंद्र दुखावलेल्या पण समजूतदार आवाजात म्हणाला, "कार्टून नाही वं. जपानी मालिका आहे, मिलिटरीची. पाचमजली इमारतीएवढे यंत्रमानव राहतात, अन् त्यायच्या छातीत माणूस बसून त्यायले चालवते. 'राखेची पलटण' नाव आहे. तू पहिला भाग पाह्य अन् मले सांग कसा वाटला. नेटवर लोकायनं काय लिहिलं ते वाचू नको. तुले पहिल्यांदा जे वाटलं, तेच सांग."

कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा, कपाळ मागे सरकायला लागलेला हा तिशीचा माणूस घरी येऊन हे असलं पाहत बसतो, याचं मिनलला हसू आलं. पण फोन ठेवल्यावर त्याचं शेवटचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. तुला काय वाटलं ते सांग. लग्न ठरल्यापासून तिला हॉल कोणता, तारीख कोणती, जेवणात वडाभात की मसालेभात, यातलं काहीही कोणी विचारलं नव्हतं. विचारलं ते हे, जपानी यंत्रमानव कसे वाटले म्हणून.

आणि हे लग्न नेमकं कोणी ठरवलं, हे विचारलं असतं तर तेही तिला सांगता आलं नसतं.

पाहण्याचा कार्यक्रम खाप्याला, मिनलच्या घरी झाला होता. जितेंद्रबरोबर त्याची आई, मामा आणि आजी रुख्माबाई, एवढीच माणसं आली होती. मामांनी वांग्याच्या भाजीबद्दल चौकशी केली. आईने मिनलचे केस डोळ्यांनीच मोजले. जितेंद्र पूर्ण वेळ छताच्या पंख्याकडे पाहत होता. पुढे कळलं की पंख्याच्या बेअरिंगचा आवाज येत होता आणि त्याला राहवत नव्हतं. "सांगतो कळवून," असं म्हणून मंडळी उठली. सगळीच मंडळी असं म्हणतात आणि सगळ्याच मुली त्यानंतर लुगडं बदलून भांडी घासतात. या वेळी मात्र गाडी दारातच अडली.

रुख्माबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. त्यांनी दारात उभं राहून हाताने चाचपत मिनलला जवळ घेतलं, कपाळाला कुंकू लावलं आणि पिशवीतून नारळ काढला. मिनलने काही विचार न करता पदर पसरला. वडीलधाऱ्यांनी दिलेलं हातात नाही, पदरात घ्यायचं, हे तिच्या आईने, सुभद्राने, तिला चालता येत नव्हतं तेव्हापासून शिकवलेलं. आता त्या बाजूच्या घरांमध्ये पाहण्याच्या दिवशी मुलाच्या घरच्या थोरल्या बाईने कुंकू लावून नारळ द्यावा आणि मुलीने तो पदरात घ्यावा, म्हणजे दोन्हीकडची पसंती झाली, याउपर सही-शिक्का लागत नाही. सुभद्रा जवळजवळ ओरडलीच, "अवं माय, पदरात नारळ पडलं!" ती धावत साखरेचा डबा घेऊन आली. मिनलच्या वडिलांनी, मनोहररावांनी, मामांना मिठी मारली. मामाही भांबावून मिठीत गेले. जितेंद्रच्या आईने सासूकडे एकदा चमकून पाहिलं आणि तोंडात साखर आल्यावर ती गिळली. चहा दुसऱ्यांदा झाला. मंडळींची गाडी वळणापर्यंत पोचायच्या आत शेजारच्या तीन घरांत साखर गेली होती.

"आई, मी हो नाही म्हटलं," मिनल त्या संध्याकाळी म्हणाली.

"मग पदर काय शेजारणीनं पसरला?" सुभद्रा म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका आनंदाने फुललेला होता की मिनलला पुढे बोलवेना.

मिनल नागपूरला एका कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायची. सक्करदऱ्याला भैरवी नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. काम तिला आवडायचं. आवाजबंद केलेली एक लहानशी खोली, कपाटाएवढीच, जाड दाराची. तिच्यात पेशंटला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि बाहेर काचेपलीकडे बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. आवाज आला की त्याने बटण दाबायचं. लहान पोरं दार लागलं की बेंबीच्या देठापासून रडायची. म्हणून मिनल आधी स्वतः आत जाऊन दार लावून घ्यायची आणि आतून उघडून दाखवायची. पाह्य, आतून उघडते. तुले वाटलं की उघड. मग पोरं शांत बसायची, आणि गंमत म्हणजे एकही पोरगं दार उघडायचं नाही.

या कामाचं काय होणार, असं तिने सासूबाईंना फोनवर विचारलं होतं. "पाहू नं मग," त्या गोड आवाजात म्हणाल्या होत्या. हे 'पाहू' कोणत्या जातीचं आहे ते बायकांना बरोबर कळतं.

तर रविवारी दुपारी, बाहेर रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं आणि खोलीत कूलर घरघरत असताना, मिनलने पलंगावर पालथं पडून 'राखेची पलटण'चा पहिला भाग पाहिला. भैरवी शेजारी बसून हिरव्या कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून खात होती आणि मधूनमधून डोकावत होती.

समुद्रकाठचा एक देश. तिथे कित्येक वर्षं युद्ध चाललेलं, कशासाठी ते आता कोणाला आठवत नाही. लष्कराकडे पाचमजली लोखंडी कवचं आहेत. सायो नावाची सतरा वर्षांची पोरगी आहे. तिचा बाप ज्या कवचात मेला ते कवच दुरुस्त करून तिला देण्यात येतं, कारण ते त्याच घराण्याचा हात ओळखतं. ती कवचाच्या छातीतल्या कोठडीत बसते. पट्टे आवळले जातात. झाकण लागतं. मग बाहेरून चार माणसं चार मोठे बोल्ट फिरवतात आणि शेवटचा बोल्ट बसला की लोखंडावर हाताने दोनदा थाप मारतात. आत बसलेल्या सायोला ती थाप ऐकू येते. त्यानंतर धूर, आग, संगीत, कवच धावतं, शत्रूचं कवच आडवं होतं. सायो काही रडत नाही.

"मस्त आहे नं," भैरवी म्हणाली. "काय फाइट दाखवली!"

मिनलला फाइट दिसलीच नव्हती. ती अजून त्या बोल्टांपाशीच होती. तिने तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला. मग तिने जितेंद्रला मेसेज लिहायला घेतला आणि तो लिहिता लिहिता एवढा लांबला की भैरवीने फोडींची वाटी संपवली.

तिने लिहिलं की चित्रं सुंदर आहेत, समुद्र तर हात लावावा असा आहे. तिने लिहिलं की त्या पलटणीचा कर्नल फार बोलतो. पण मला राग आला तो झाकणाचा. ज्याने कोणी हे यंत्र बनवलं, त्याने झाकण आतून उघडायची सोय का केली नाही? आमच्याकडे एवढीशी खोली असते तिलाही आतून कडी असते. आग लागली तर ती पोरगी काय करेल? आणि ते थाप मारणारे लोक वाईट नाहीत, हे मला जास्त वाईट वाटलं. ते प्रेमाने थाप मारतात.

पाच मिनिटांत जितेंद्रचा फोन.

"मिनल, मी हा भाग सात-आठ वेळा पाह्यला असंन," तो म्हणाला. आवाजात नवल होतं. "मले कधी झाकण दिसलंच नाही. म्हणजे दिसलं, पण मले वाटलं, गॅस आत नाही गेला पाहिजे म्हणून बाहेरून सील करत असतीन. आम्हीही टाकी बाहेरूनच सील करतो."

"टाकीत माणूस ठेवून करता का?"

"नाही नं बाई!"

"मग?"

तो मोकळेपणाने हसला. मिनललाही हसू आलं. मग ते दोघं अर्धा तास झाकणाबद्दल बोलले. झाकणाला आतून कसला खटका बसवता आला असता, हे त्याने तिला कागदावर काढून, फोटो पाठवून समजावलं. ती म्हणाली, हा खटका डाव्या हाताला आहे, सायोचा डावा हात तर पट्ट्यात आहे. तो म्हणाला, "अरे हो!" आणि नवीन चित्र काढलं. एखाद्या पुरुषाने तिच्या म्हणण्यावर चित्र खोडून दुसरं काढलं, असं मिनलच्या आयुष्यात आधी झालेलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर ती खुश होती, आणि खुश आहे हे लक्षात आल्यावर तिला भीती वाटली. कारण हा माणूस आवडायला लागला तर मग सगळंच बिनबोभाट होऊन जाणार होतं. कुंकू, नारळ, हॉल, पाहू नं मग. जसं काही तिनेच ठरवलं होतं.

"तुले तो आवडते नं?" भैरवीने विचारलं. "मग प्रॉब्लेम काय आहे?"

"मले विचारलं नाही कोणी."

"आवडते तं विचाराचं काय त्याच्यात?"

भैरवीसारख्या शहाण्या मुलीला जे कळत नाही ते खाप्याला कोणाला कळणार, असं वाटून तिला दुपारभर गुदमरल्यासारखं झालं.

दुसऱ्या भागावरून त्यांचं पहिलं भांडण झालं. त्या भागात मोठ्या मैदानात सगळी पलटण उभी असते आणि कर्नल सायोच्या छातीला बापाचा बिल्ला लावतो. हजारो लोक टाळ्या वाजवतात. सायो सलाम करते. जितेंद्रच्या मते हा मालिकेतला सगळ्यात भारी प्रसंग होता. तिथे सायोने आपलं काम पत्करलं. त्याच्या अंगावर काटा यायचा.

"तिनं कुठं पत्करलं?" मिनल म्हणाली. ती दवाखान्याच्या मागच्या जिन्यात डबा खायला बसली होती.

"सलाम केला नं तिनं."

"लहानपणापासून शिकवलं तिले, समोर बिल्ला आला की हात वर कराचा. हात वर गेला. तिनं थोडीच नेला."

"असं कसं म्हणते? नाही कराचं राहतं तं नसता केला."

"एवढे लोक टाळ्या वाजवून राहिले असताना? तुम्ही करून दाखवा."

तो जरा चिडला. "तुले प्रत्येक गोष्टीत तेच दिसते. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली का? कोणी बंदूक लावली का? सगळे तं खुश आहेत तिच्यासाठी."

"हो नं," मिनल म्हणाली, "तेच तं." तिने डबा बंद केला. तो पलीकडून हॅलो हॅलो करत होता. ती म्हणाली, पेशंट आला आहे. पेशंट आलेला नव्हता.

पुढचे दोन दिवस त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो समेटासाठी. भांडणानंतर पुरुष माणूस माफी मागत नाही, काहीतरी गमतीचं सांगतो. जितेंद्रनेही तसंच केलं.

"अवं, एक जोक ऐक. काल आजी म्हणे, त्या पोरीनं नारळ फोडून खाल्लं का, आदासाच्या गणपतीचा प्रसाद होता, शिळा नाही पडू द्याचा. मी म्हटलं, आजी, तो तं पसंतीचा नारळ होता नं? तं म्हणे, कायचा पसंतीचा! रस्त्यात आदासाले थांबलो, देवापुढचा नारळ होता पिशवीत, अन् देवाचं कुंकू होतं. पोरगी पाया पडली, रिकाम्या हातानं कशी जाऊ देऊ, म्हणून दिलं. मग तुह्या आईनं साखर वाटली तं आजीले वाटलं, आपल्या मागे सगळ्यायनं ठरवून घेतलं, आपल्याले कमी दिसते म्हणून कोणी सांगितलं नाही. माही आई समजली, सासूनं ठरवलं, आता आपण काय बोलाव. मामा समजले, आईनं ठरवलं. घ्या! कोणी ठरवलंच नाही!"

तो खो खो हसत होता. मिनल हसली नाही. हळूहळू त्याचंही हसणं विरलं. फोनवर नुसता कारखान्याचा आवाज येत राहिला, एका लयीत काहीतरी आपटल्याचा.

"अन् तुम्ही?" तिने विचारलं. "तुम्ही काय समजले?"

"मी?" तो अडखळला. "मी समजलो, तुले पसंत आहे. तू पदर पसरला नं."

बोलायचं तर आता बोलायचं होतं. तिने तोंड उघडलंही. पण एवढे दिवस आनंदाने फुललेला आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि ती म्हणाली, "मले आत जाचं आहे, डॉक्टरची बेल झाली."

तिने त्याऐवजी आईला फोन लावला. सुभद्राने सगळं ऐकून घेतलं. मिनलला क्षणभर वाटलं, आई हसेल, आणि मग म्हणेल, मग आता तुझं काय म्हणणं आहे?

"हे कोणाजवळ बोलू नको," सुभद्रा म्हणाली. "प्रसाद तं प्रसाद. अजून चांगलं झालं, देवानंच दिलं म्हणाव. गुरुवारी गांधीबागेत बस्ता आहे, तू सुटी टाक. अन् लुगड्यात ये, ड्रेस नको घालू."

"आई, पण कोणी ठरवलंच नाही नं."

"साखर वाटून झाली, मिनल. तुह्या बाबानं साऱ्या गावात मान वर करून सांगितलं. आता काय लोकायच्या तोंडातून साखर काढून आणू?" मग आवाज एकदम उतरला. "पोरगा वाईट आहे का? दारू पिते का? सांग नं मले, काय वाईट आहे?"

वाईट काहीच नव्हतं. हाच तर सगळा घोळ होता. माणूस चांगला, घर चांगलं, गाव जवळ, सगळ्यांचे चेहरे हसरे. धरून ठेवणारा एकही हात रागाचा नव्हता. मिनलला वाटलं, कोणी तिला खोलीत कोंडलं असतं, ओरडलं असतं, तर किती सोपं झालं असतं. दाराला लाथ तरी मारता आली असती.

बस्ता बांधणं म्हणजे लग्नाचे कपडे खरेदी करणं, पण ते काही नुसतं दुकानात जाणं नाही. दोन्ही घरच्या बायका एकत्र बसतात, नवरीच्या साड्यांपासून करवल्यांच्या ब्लाउजपिसांपर्यंत सगळं निवडतात, आणि शेवटी दुकानदार त्या सगळ्याचं गाठोडं बांधून त्यावर कुंकू लावून देतो. बस्ता बांधला की लग्न बांधलं. त्यानंतर मोडलं तर लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलतात.

गांधीबागेतलं ते दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना इतका चिंचोळा की समोरून कोणी आलं की एकाने भिंतीला चिकटायचं. वर मात्र लांबलचक गादी, पांढरी चादर, आणि भिंतीला छतापर्यंत साड्या. मिनलला मध्ये बसवलं. उजवीकडे सुभद्रा, डावीकडे होणारी सासू, पाठीशी लोडाला टेकून रुख्माबाई. मनोहरराव आणि मामा पलीकडे धोतरजोड्या पाहत होते. जितेंद्र गादीच्या कोपऱ्यावर चपला काढून बसला होता आणि आज त्याने पंख्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तो मिनलकडे पाहत होता.

दुकानातला माणूस साडी उघडायचा आणि हवेत भिरकावायचा. साडी मिनलच्या मांडीवर येऊन पडायची. हिरवी, मग आंबा रंगाची, मग वांगी, मग दुसरी हिरवी.

"हे पाह्य, काठ कसा आहे," सुभद्रा म्हणाली.

"आमच्याकडे एवढा मोठा काठ नाही चालत," सासूबाई म्हणाल्या.

"मग बारीक दाखवा गा, भाऊ."

साड्यांचा ढीग मिनलच्या कमरेपर्यंत आला. जरीचे काठ टोचत होते. पाय मांडी घालून बधिर झाले होते, पण हलवायला जागा नव्हती, आणि हलवले असते तर वरच्या सगळ्या साड्या घसरल्या असत्या. एसी होता तरी तिच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. तिला वाटलं, आता थोड्या वेळात हा माणूस गाठोडं बांधेल आणि मी त्याच्या आतच राहीन. हे वेड्यासारखं आहे हे तिला कळत होतं, तरी श्वास पुरेना.

"नवरीले कोणती पसंत आहे?" दुकानदाराने सवयीने विचारलं.

"तिले सगळं चालते," सुभद्राने उत्तर दिलं. "थे काही म्हणत नाही."

"मिनल," जितेंद्र म्हणाला.

तो फार मोठ्याने बोलला नव्हता. पण बस्त्याच्या गादीवर नवरा मुलगा नवरीला नावाने हाक मारत नाही, म्हणून सगळे थांबले. सासूबाईंच्या हातात साडीचा पदर तसाच राहिला.

"काय गा, चहा पाहिजे का?" त्याच्या आईने विचारलं.

"नाही." त्याचे कान लाल झाले होते. "मी परवापासून विचार करून राहिलो. मले वाटलं, तुले विचारून घेतलं सगळ्यायनं. मले वाटलं, तू हो म्हटलं. मी स्वतः कधी विचारलं नाही. आता विचारतो." तो गादीच्या कोपऱ्यावरून पुढे सरकला. "तुले माह्याशी लग्न कराचं आहे का?"

मामा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "अरे, बस्त्यात बसून काय विचारते बे!"

बाकी कोणी हसलं नाही. सुभद्राने साड्यांच्या ढिगाखालून हात घालून मिनलची मांडी घट्ट धरली. नखं रुतली. मिनलने जितेंद्रकडे पाहिलं. तो घाबरलेला होता. तिला त्याची दया आली आणि माया आली, दोन्ही एकदम. हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सगळे हसले असते, ही गोष्ट पुढे लग्नात सगळ्यांना रंगवून सांगितली गेली असती, आणि आईने मांडी सोडली असती.

पण ती ज्या प्रश्नाची महिनाभर वाट पाहत होती तो आता आला होता, आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं. निदान आज तरी.

"नाही," ती म्हणाली.

दुकानातला माणूस उघडलेली साडी हातात धरून उभा राहिला. सुभद्राच्या तोंडून 'अवं' एवढंच निघालं. मनोहरराव पलीकडून "काय झालं, काय झालं" करत आले. सासूबाईंनी एकदा मुलाकडे, एकदा मिनलकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा आवळला गेला. "म्हणजे? आमच्या पोरात काय कमी आहे?"

जितेंद्र उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. असं उत्तर येऊ शकतं हे त्याला माहीत होतं, तरी आल्यावर लागलं होतं. तरीही तो दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "आई, थांब. तिले काही म्हणू नका कोणी. माह्याकडून नाही आहे, असं सांगा सगळीकडे. मले नाही कराचं. माह्यावर टाका. तिचं नाव येऊ देऊ नका."

तो मनापासून बोलत होता, हे कोणालाही दिसलं असतं. मनोहररावांच्या चेहऱ्यावर तर चक्क उपकार मानल्याचा भाव आला. सुभद्राची पकडही सैल झाली. मुलाने नाही म्हटलं, असं सांगता येईल. दुःखी होता येईल. पोरीचं काही चुकलं नाही, ती बिचारी तर पदर पसरून बसली होती.

मिनलने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की पुन्हा तेच होतं आहे. सगळे पुन्हा प्रेमाने तिच्या वतीने काहीतरी ठरवत आहेत. आत्ता म्हटलेलं, घशातून बाहेर पडताना जीव घेणारं, एवढंसं 'नाही', तेही तिच्या हातून घेऊन दुसऱ्याच्या नावावर चाललं आहे.

"नाही," ती परत म्हणाली, आणि या वेळी आवाज मोठा निघाला. "तुमच्याकडून काहून? तुम्ही नाही म्हटलं नाही. मी म्हटलं."

"मिनल, पोरी, तो तुह्या भल्यासाठी..." मनोहरराव म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. पण मीच म्हटलं. कोणी विचारलं तं माहं नाव सांगा."

तिने मांडीवरच्या साड्या बाजूला सारल्या. सगळ्या घसरल्या, हिरवी, आंबा, वांगी, पांढऱ्या चादरीवर पसरल्या. पाय बधिर झाले होते म्हणून तिला लगेच उभं राहता आलं नाही. गादीवर हात टेकून, धडपडत उठावं लागलं. मदतीला कोणी हात दिला नाही. जितेंद्रचा हात अर्ध्यावर आला आणि त्याने तो मागे घेतला.

"कोण बोलून राह्यलं?" मागून रुख्माबाईंनी विचारलं. त्यांना गोंधळ ऐकू येत होता, चेहरे दिसत नव्हते.

"मी, आजी," मिनल म्हणाली.

ती जिन्याकडे निघाली. सुभद्रा तोंडाला पदर लावून मागे आली. मनोहरराव तिथेच उभे राहिले, कोणाची माफी मागावी ते त्यांना सुचत नव्हतं. चिंचोळ्या जिन्यात खालून दुसऱ्या कुठल्या तरी लग्नाच्या बायका हसत येत होत्या. मिनल भिंतीला चिकटून उभी राहिली आणि त्या जाईपर्यंत थांबली. आज घरी काय होईल, उद्या खाप्यात काय होईल, हे तिला नीट माहीत होतं आणि त्याची तिला भीती वाटत होती. पण रडू आलं ते त्यामुळे नाही. वर कोपऱ्यात पायांत चपला घालायचं विसरून उभा असलेला तो माणूस तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. त्याने हेच त्या दिवशी, खाप्याच्या घरात, पंख्यावरून नजर काढून विचारलं असतं, तर ती बहुतेक हो म्हणाली असती. हे तिला जिन्यात उभं असताना पहिल्यांदा कळलं, आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हुंदके देऊन रडली.